चिद्विलास : जग कोणाच्या संकल्पाने चालते?

॥ श्रीज्ञानेश्वर माउली समर्थ ॥



एका आषाढी वारीत लोणंदच्या मुक्कामी घडलेली गोष्ट आधी सांगतो, मग सिद्धांताकडे वळू. समाजआरती होऊन गेली होती. मंडळी पिठलं-भाकरी खाऊन जागा मिळेल तिथे पडली होती. डोक्यावर तुळस घेऊन दिंडीत चालणारी एक माउली जवळ येऊन बसली. म्हणाली, ‘‘बुवा, एक विचारू का? रागवायचं नाही.’’ मी म्हटले, ‘‘विचार माय.’’

ती म्हणाली, ‘‘आमच्या गावात एक जण प्रवचन सांगायला आले होते. त्यांनी सांगितलं, माणसाच्या आत देवच आहे, आणि त्याच्या मनात जे येईल तेच जगात घडतं. चांगलं चिंताल तर चांगलं, वाईट चिंताल तर वाईट. बुवा, माझा धाकला तापानं गेला. तो अंथरुणावर होता तवा माझ्या मनात सारखं वाईटच यायचं. मग माझ्याच मनानं नेलं का हो त्याला?’’

बंधुहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्यापुढे दोन वाक्ये होती. माणसाच्या आत देवच आहे, हे पहिले वाक्य आमच्या माउलीचे आहे. माणसाच्या मनात येईल ते जगात घडते, हे दुसरे वाक्य माउलीचे नाही. पण दोन्ही एका दमात सांगितली की ऐकणाऱ्याला ती एकच वाटतात. पहिल्या वाक्याचा मोठेपणा दुसऱ्याला चिकटतो आणि आधीच पोळलेल्या आईच्या डोक्यावर पापाचे गाठोडे बसते. म्हणून हा विषय नीट उलगडून घेणे हे पंडितांपुरते काम नाही, ते तुमच्या-आमच्या घरचे काम आहे.

सिद्धांत काय आहे?

श्रीज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे, तिथे महाराज गीतेचे बोट धरून चालतात. अमृतानुभवात मात्र त्यांच्या हातात दुसऱ्याचा ग्रंथ नाही. हा स्वतःचा अनुभव आहे आणि त्याची दहा प्रकरणे आहेत. तिसरा ग्रंथ चांगदेव पासष्टी. ती ६५ ओव्यांची आहे आणि त्याच अनुभवाचे सार तिच्यात एका पत्राच्या रूपाने आले आहे.

अमृतानुभवाचे सर्वांत मोठे प्रकरण सातवे. त्याचे नाव अज्ञानखंडन. वेदांतात सर्वसाधारणपणे असे सांगतात की ब्रह्म सत्य आहे, अज्ञानामुळे त्यावर जगाचा भास झाला आहे, दोरीवर साप दिसावा तसा. महाराज विचारतात, हे अज्ञान राहते कुठे? ज्ञानस्वरूप आत्म्यात राहते म्हणावे तर उजेडाच्या पोटात अंधार राहतो असे म्हटल्यासारखे होते. आत्म्याबाहेर राहते म्हणावे तर आत्म्याबाहेर काही आहे असे कबूल करावे लागते. सगळीकडे शोधूनही अज्ञान नावाची स्वतंत्र वस्तू हाती लागत नाही. आणि अज्ञानच नाही, तर ते घालवणारे म्हणून जे ज्ञान मिरवते तेही पुढच्या आठव्या प्रकरणात निरोप घेते. उरते ते शुद्ध जाणणे. त्यालाच चित् म्हणतात.

मग हे डोळ्यांपुढे दिसणारे जग काय? महाराजांचे उत्तर असे की ते त्या चित्स्वरूपाचेच स्फुरण आहे, त्याचाच विलास आहे. पाहणारा तोच, दिसणारे तोच आणि पाहणे तेही तोच. या विचाराला अभ्यासक चिद्विलास म्हणतात. तो श्रीशंकराचार्यांच्या मताहून कितपत वेगळा आहे यावर विद्वानांत मतभेद आहेत, त्यात आपण शिरू नये. तिसऱ्या प्रकरणात महाराजांनी शिवसूत्राचा उल्लेख केला आहे, त्यावरून शैवागमाचा विचारही त्यांच्यापुढे होता एवढे दिसते. नाथपंथाची परंपरा पाहता त्यात नवल नाही.

आता हे आपल्या भाषेत पाहू. वारकऱ्याच्या खांद्यावर घोंगडी असते. पाऊस आला की तिची खोळ होते. मुक्काम पडला की तेच अंथरूण. भजनाला बसताना चौघडी घातली की आसन. पहाटे थंडी वाजली की पांघरूण. नावे चार झाली, कामेही चार झाली, पण घोंगडीत बाहेरून एक धागा आला नाही आणि तिच्यातला एक धागा गेला नाही. खोळ खोटी आहे असे आपण म्हणत नाही, कारण तिने भिजण्यापासून वाचवले. आणि घोंगडीवाचून खोळ म्हणून दुसरे काही आहे असेही म्हणत नाही. तसे हे जग. ते खोटे नाही आणि देवावाचून वेगळेही नाही. माणूस, झाड, ओढा, दगड या सगळ्या त्याच एका घोंगडीच्या घड्या.

एवढे कळले म्हणजे पहिले वाक्य सिद्ध झाले. माझ्यात जे जाणते आहे ते देवाचे आहे, उसनवार आणलेले नाही.

चूक कुठे होते?

चूक होते ती ‘मी’ या शब्दात. चैतन्य जगाच्या रूपाने नटते हे खरे. पण चैतन्य म्हणजे माझे मन नव्हे. माझे मन ही त्या घोंगडीची एक घडी आहे. घडीने घोंगडीला हुकूम सोडावा, ‘‘आता तू अशी हो,’’ हे कसे चालेल?

वाखरीचे रिंगण तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. बापाच्या खांद्यावर बसलेले लहान मूल अश्व सुटण्याच्या वेळी हात वर करते आणि नेमका त्याच क्षणी अश्व धावतो. पोराला वाटते, आपण हात केला म्हणून घोडा पळाला. ते टाळ्या पिटते. आपण हसतो, कारण ते मूल आहे. पण मोठा माणूस जेव्हा म्हणतो, ‘‘माझ्या मनात आले म्हणून धंदा चालला, माझ्या मनात आले म्हणून पाऊस पडला,’’ तेव्हा तो त्याच खांद्यावर बसलेला असतो, महाराज! आणि एखाद्या वेळी हात वर करूनही घोडा धावला नाही म्हणजे तेच पोर रडते, माझे काय चुकले म्हणून. यशात अहंकार आणि अपयशात पापाची भीती, ही दोन्ही एकाच गैरसमजाची लेकरे आहेत.

मन काय करते आणि काय करत नाही

‘‘मग मन काहीच करत नाही का?’’ असे कोणी विचारील. करते, पुष्कळ करते. पण त्याची हद्द ठरलेली आहे. ती हद्द विद्यारण्यस्वामींनी पंचदशीच्या चौथ्या, द्वैतविवेक नावाच्या प्रकरणात फार स्वच्छ आखून दिली आहे. ते म्हणतात, सृष्टी दोन प्रकारची. एक ईश्वराने केलेली आणि दुसरी जीवाने केलेली. रत्न ही ईश्वराची सृष्टी. ते ज्याला मिळाले तो आनंदतो, ज्याला मिळाले नाही तो चडफडतो, विरक्ताला ना हर्ष ना खेद. हा आनंद, ही चडफड आणि ही उपेक्षा जीवाची सृष्टी. रत्न मात्र तिघांच्या मनाने तिळभरही बदलले नाही.

त्यांचाच दुसरा दृष्टांत असा. मुलगा दूरदेशी गेला आहे आणि सुखरूप आहे. कोणा खोटारड्याने येऊन बापाला सांगितले, तुझा मुलगा वारला. बाप रडू लागतो. उलट मुलगा खरोखरच गेला आहे, पण वार्ता पोचली नाही, तर बाप रडत नाही. म्हणजे बापाचे रडणे बापाच्या मनातल्या मुलावर अवलंबून असते. पण नीट लक्ष द्या हं! बाप रडला म्हणून दूरदेशी सुखरूप असलेला मुलगा मरत नाही आणि बाप निर्धास्त राहिला म्हणून गेलेला परत येत नाही. मनाने सुखदुःख घडते. मनाने ताप चढत नाही, उतरत नाही.

लोणंदच्या त्या माउलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळते. आजारी लेकराजवळ बसलेल्या आईच्या मनात वाईट आले नाही तर ती आई कसली? ते वाईट विचार तिच्या मायेचीच सावली होती. ती सावली तिच्या मनातच राहिली. तिने कोणाला मारले नाही.

चांगदेवांची साक्ष

संकल्पाने जग वाकवता येते असे मानणाऱ्यांचा राजा म्हणजे चांगदेव. परंपरा सांगते की योगबळाने त्यांनी १४०० वर्षे काळाला हुलकावणी दिली. वाघावर बसावे, सापाचा चाबूक करावा, असे त्यांचे सामर्थ्य. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून त्यांना पत्र लिहावेसे वाटले. पण मायना काय घालावा? वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावे, तर ज्ञानाने मोठा. तीर्थरूप लिहावे, तर समोर पोरसवदा मुलगा. शेवटी कोराच कागद धाडला. तो पाहून मुक्ताबाईंनी चांगदेवांच्या इतक्या वर्षांच्या कोरेपणावर बोट ठेवले. निवृत्तिनाथांनी मात्र ज्ञानदेवांना उत्तर लिहायला सांगितले आणि त्यातून पासष्टी आली.

आता या उत्तरात काय आहे ते पाहा. चांगदेवांच्या सिद्धींची स्तुती नाही आणि निंदाही नाही. ‘‘वाघ आणखी कसा वश करावा’’ याची युक्ती तर मुळीच नाही. साराच उपदेश एका ठिकाणी येतो. दिसणाऱ्यामागे जो पाहणारा आहे आणि ज्याच्या ठिकाणी पाहणारा-दिसणारे हा भेदही मावळतो, तो तूच आहेस. तिथे महाराजांनी मिठाचा दृष्टांत दिला आहे. मीठ पाण्याची खोली मोजायला उतरले आणि स्वतःच विरघळून गेले, माप घेणार कोण? तुला भेटायला निघालो तर भेटणारा मीच उरत नाही, असे ते चांगदेवांना सांगतात. १४०० वर्षे जगाला आकार देणाऱ्या माणसाला महाराजांनी सांगितले ते हे, की आकार देणारा ‘मी’ विरघळू दे. चांगदेवांनी ते ऐकले आणि त्या धाकट्या मुक्ताबाईंना गुरू केले. त्यांची समाधी गोदाकाठी पुणतांब्यास आहे.

शंका-समाधान

शंका : पण महाराजांनी स्वतः भिंत चालवली, पैठणास रेड्यामुखी वेद बोलवले. हे संकल्पाने जग बदलणे नव्हे काय?

समाधान : परंपरेतल्या या कथा आपल्याला प्रिय आहेत. त्यांचा अर्थ त्यांच्याच कडेकडेने पाहावा. चांगदेवांनी सजीवाला धाकाने चालवले, महाराजांनी निर्जीव म्हटलेल्या भिंतीतले चैतन्य दाखवले. रेड्याच्या पाठीवर आसूड बसला आणि वळ महाराजांच्या पाठीवर उठले असे सांगतात. म्हणजे आधी त्याचे दुःख आपले झाले, मग त्याच्या मुखी वेद आले. यात सत्ता गाजवणे कुठे आहे?

आणि दुसरी बाजू पाहा. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांना देहांत प्रायश्चित्त सांगितले गेले. चार लेकरे पोरकी झाली. ती शुद्धिपत्रासाठी पैठणापर्यंत पायी गेली. संकल्पाने जग वाकवायचे असते तर आई-बापांना परत आणण्याचा किंवा धर्मसभेची मने फिरवण्याचा संकल्प का केला नाही? ज्याच्या शब्दाने भिंत चालते असे आपण म्हणतो, त्याने आपल्या दुःखासाठी एकही भिंत हलवली नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटी मागणे मागितले तेही सगळ्या जगासाठी, स्वतःसाठी काही नाही. यातच सारे आले.

शंका : सगळे एकच चैतन्य आहे, तर विठ्ठल कोण आणि वारी कोणी करायची?

समाधान : याचे उत्तर अमृतानुभवाच्या नवव्या प्रकरणात आहे. एकाच डोंगरातून देव, देऊळ आणि देवाचा परिवार कोरावा, तसा भक्तीचा व्यवहार एकाच तत्त्वात का होऊ नये, असे महाराज तिथे विचारतात. तुम्ही वेरूळचे कैलास लेणे पाहिले असेल. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी ते एका कड्यातून वरून खाली कोरीत आणले. शिखर, नंदी, हत्ती, गाभारा सारा एकच दगड आहे. तरी नंदीचे तोंड देवाकडेच आहे! दगड एक म्हणून नंदीने पाठ फिरवली नाही. अद्वैत कळल्यावर भक्ती संपत नाही, फक्त तिच्यातला धाक आणि व्यापार संपतो.

चैतन्य जग घडवते ते कसे?

तर मग चैतन्याची ओळख पटल्याने जगात काहीच बदलत नाही का? बदलते. पण ते मनात चित्र रंगवल्याने बदलत नाही, वागण्याने बदलते.

एकनाथ महाराजांची कथा घ्या. काशीची कावड रामेश्वरी नेताना वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि त्यांनी ते गंगाजल त्याच्या तोंडात ओतले. ‘गाढवाला पाणी मिळो’ असे डोळे मिटून चिंतीत ते बसले नाहीत. गाढवात देव दिसला, हात कावडीकडे गेला, गाढव वाचले. देव दिसणे आणि हात जाणे यांत अंतर राहिले नाही, ते चैतन्याचे कार्य.

याउलट आपली लाजही सांगितली पाहिजे. चोखोबाराय मंगळवेढ्यास गावकुसाच्या बांधकामात भिंत कोसळून शके १२६० (इ. स. १३३८) मध्ये गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी ओळखून आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली. पण चोखोबांच्या जातभाईंना त्या महाद्वारातून आत जाऊन विठोबाच्या पायांवर डोके ठेवायला १९४७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मे महिन्यात सानेगुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा मंदिर हरिजनांना खुले झाले. सहाशे वर्षांवर आपण टाळ वाजवून सर्वांभूती एकच देव म्हणत होतो आणि दार बंद ठेवत होतो. नुसत्या म्हणण्याने दार उघडत असते तर ते पहिल्याच आषाढीला उघडले असते. एका माणसाने ते म्हणणे देहावर घेतले, तेव्हा ते उघडले. चैतन्य जग घडवते ते असे, आणि आपण अडवले की ते सहाशे वर्षे थांबूनही राहते.

वारकऱ्याने काय करावे?

साधन फार अवघड नाही, ते आपल्या रोजच्या व्यवहारातच आहे. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. म्हातारा पोराच्या पाया पडतो, श्रीमंत गड्याच्या पाया पडतो, आणि समोरचाही लगेच वाकतो. एकमेकांना ‘माउली’ म्हणतो. तत्त्वज्ञानाचे सातवे प्रकरण ज्याला वाचता येत नाही त्यालाही ही चाल ठाऊक असते. मात्र ती वाखरीपासून पंढरीपर्यंत चालते आणि घरी आल्यावर सुटते. सुनेला, गड्याला, बैलाला, भावकीतल्या दाव्यातल्या माणसाला ‘माउली’ म्हणायची जीभ होत नाही. तेवढे एक करून पाहावे.

दुसरे, हरिपाठाला बसताना मागणी बाजूला ठेवावी. एक घटका तरी ‘हे मिळो, ते टळो’ हा हिशोब बंद करून नाम घेणारा कोण आहे तिकडे लक्ष न्यावे. तिसरे, दुःखात असलेल्याला सिद्धांत सांगून दोष देऊ नये. कोणाचे पीक बुडाले, कोणाचे माणूस गेले, तर ‘तुझी भावना कमी पडली’ हे शब्द वारकऱ्याच्या तोंडी शोभत नाहीत. ज्याच्या पायात काटा मोडला त्याचा काटा काढावा, त्याला रस्ता कसा चालावा यावर निरूपण नको.

आता त्या माउलीची राहिलेली गोष्ट. मी तिला म्हटले, ‘‘माय, तुझ्या मनात आले ते भय होते. भयाने कोणी मरत नाही. तू उशाशी बसलीस, पाणी पाजलेस, ते देवाने केले असे समज. कारण तुझ्यातले जे जागत होते ते त्याचेच होते.’’

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘ते पटतंय बुवा. पण मग माझं लेकरू कुठं गेलं?’’

बंधुहो, ग्रंथ पुष्कळ पाठ होते, पण त्या वेळी जीभ अडखळली. एवढेच सांगता आले, ‘‘माय, जिथून आलं होतं त्याच्याबाहेर जायला जागाच नाही. तू ज्याच्यात आहेस त्याच्यातच ते आहे.’’

ती उठली आणि माझ्या पाया पडली. मीही तिच्या पाया पडलो. पहाटे तरडगावची वाट धरली तेव्हा ती पुढच्या रांगेत होती, डोक्यावर तुळस, आणि चांदोबाच्या लिंबापाशी उभ्या रिंगणात अश्व धावला तेव्हा तिने शेजारणीचे पोर उचलून खांद्यावर घेतले होते, त्याला घोडा दिसावा म्हणून.

रामकृष्णहरि.